दंड सारखा, शिक्षा मात्र वेगळी

संस्कृतात 'दंड' या शब्दाचा मूळ अर्थ काठी असा आहे. काठी ज्याच्या हाती, त्याने दिलेली शिक्षा हा अर्थही पुढे त्याच शब्दाला चिकटला. आणि आज मराठीत दंड म्हटले की काठी नव्हे, तर न्यायालयात किंवा सरकारी खिडकीवर भरावयाची रक्कम डोळ्यांपुढे येते. काठीचे रूपांतर नाण्यात झाले म्हणजे समाज सुधारला, असे आपण समजतो. फटके मारण्यापेक्षा, हात तोडण्यापेक्षा, तुरुंगात डांबण्यापेक्षा पैसे घेऊन सोडून देणे हे सौम्य आणि मानवी आहे, यात शंका नाही. परंतु काठी सर्वांच्या पाठीवर जवळजवळ सारखीच लागते. नाणे मात्र सर्वांच्या खिशाला सारखे लागत नाही. या साध्या सत्याकडे कायद्याने डोळेझाक केली, की सौम्य वाटणारा दंड गरिबाच्या बाबतीत काठीहून क्रूर होतो आणि श्रीमंताच्या बाबतीत ती शिक्षाच उरत नाही. प्रस्तुत लेखात हेच मांडावयाचे आहे.

अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचा येथील कायद्याशी पहिला संबंध बहुधा वाहतुकीच्या तिकिटाच्या रूपाने येतो. वेगमर्यादा ओलांडली, लाल दिव्याला थांबलो नाही, गाडी नको तेथे उभी केली. तिकीट मिळते, मनस्ताप होतो, रक्कम भरली जाते किंवा वकिलाला फी देऊन आरोप सौम्य करून घेतला जातो आणि आठ दिवसांत विषय विसरला जातो. अभियंता, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ म्हणून स्थिरावलेल्या आपल्या बांधवांना शे-दोनशे डॉलर म्हणजे सहकुटुंब एका संध्याकाळच्या बाहेरच्या जेवणाचा खर्च. म्हणूनच आपल्या मेळाव्यांतून आणि घरगुती बैठकींतून एक वाक्य हमखास कानी पडते : "कायदा मोडू नये, आणि मोडला तर दंड भरावा. ज्याला दंड परवडत नाही, त्याने कायदा पाळावा. यात अन्याय तो कसला?" हे वाक्य ऐकावयास मोठे न्यायाचे वाटते. मात्र बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. का शोभत नाही, ते क्रमाने पाहू.

दंड कशासाठी?

शिक्षेची प्रयोजने विधिशास्त्राने साधारणतः चार सांगितली आहेत : गुन्हेगाराला व इतरांना धाक बसावा, केलेल्या कृत्याचा समाजाने निषेध करावा, गुन्हेगाराची सुधारणा व्हावी, आणि ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई व्हावी. द्रव्यदंडाने यांपैकी काय साधते? भरपाई बहुधा नाहीच, कारण दंडाची रक्कम सर्वसाधारणपणे सरकारी तिजोरीत जाते, पीडिताच्या हाती नव्हे. सुधारणा तर पैसे भरून होत नाही. उरला धाक आणि उरला निषेध. या दोहोंचा परिणाम एकाच गोष्टीवर अवलंबून असतो : भरणाऱ्याला त्या रकमेची झळ किती लागते?

समजा, ४९० डॉलरचा दंड आहे. हा आकडा काल्पनिक नव्हे. कॅलिफोर्निया राज्यात १०० डॉलरच्या मूळ दंडावर निरनिराळे अधिभार चढून प्रत्यक्षात ४९० डॉलर भरावे लागत आणि मुदत चुकली तर तीच रक्कम ८१५ वर जाई, असे तेथील विधिसेवा संस्थांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवून दिले होते. आता ताशी साडेसतरा डॉलर मिळविणाऱ्या सफाई कामगाराला हे ४९० डॉलर भरण्यासाठी २८ तास राबावे लागेल, म्हणजे साडेतीन दिवसांची मजुरी गेली. ताशी २०० डॉलर मिळविणाऱ्या तज्ज्ञाला अडीच तासही लागणार नाहीत. न्यायाधीशाने एकाला साडेतीन दिवसांची आणि दुसऱ्याला अडीच तासांची कैद एकाच गुन्ह्यासाठी सुनावली असती, तर साऱ्या शहरात गहजब झाला असता. तेच डॉलरमध्ये सांगितले की कोणाची भुवईही उंचावत नाही!

दुसरी बाजू पाहू. ज्याला झळ लागत नाही, त्याच्या लेखी दंड ही शिक्षा नसून किंमत असते. इस्रायलमधील हैफा शहरातील १० पाळणाघरांत दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा पाळणाघरांनी लहानसा दंड लावला. अपेक्षा अशी की उशीर कमी होईल. घडले उलटेच. उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाली. आणि पुढे दंड काढून टाकला, तरी ती पूर्ववत झाली नाही. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची लाज वाटत असे. आता पैसे मोजले की झाले! न्यूयॉर्कच्या महानगरपालिकेने तर मोठ्या मालवाहतूक कंपन्यांसाठी योजनाच राबविली : कंपनीने तिकिटांविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क सोडावा आणि त्या बदल्यात सवलतीच्या ठरीव दराने दंड भरावा. नियमभंग हा अशा रीतीने धंद्याच्या खर्चाचा एक रकाना झाला. धनवंताला कायदा मोडण्याचा जणू परवाना मिळतो आणि तोच नियम मोडणाऱ्या निर्धनाचा महिना कोसळतो. एकाच आकड्याची ही दोन रूपे आहेत.

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही

कायद्यापुढील समता म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. विषमता आपण अंगावर वागविली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, तिच्या आठव्या अध्यायातील दंडव्यवस्था पाहा. क्षत्रियाने ब्राह्मणाला दुर्वचन बोलल्यास शंभर पण दंड, वैश्याने बोलल्यास दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राने बोलल्यास दंड नव्हे, शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला दुर्वचन बोलल्यास पन्नास, वैश्याला बोलल्यास पंचवीस आणि शूद्राला बोलल्यास अवघे बारा! शब्द तेच, अपमान तोच, पण त्याची किंमत बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जन्मावर ठरणार. बाबासाहेबांनी 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' या आपल्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात मनूच्या या शिक्षा उद्धृत करून, समतेच्या कसोटीवर ही धर्मव्यवस्था कशी टिकत नाही हे दाखविले आहे.

मनूचे समर्थक येथे एक श्लोक पुढे करतात, तेव्हा त्याचाही विचार केला पाहिजे. चोरीच्या बाबतीत शूद्राचा दोष आठपट, वैश्याचा सोळापट, क्षत्रियाचा बत्तीसपट आणि ब्राह्मणाचा चौसष्टपट किंवा त्याहून अधिक मानावा, असे त्याच अध्यायात आहे. आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी त्याचा वध करू नये, त्याला धनासह आणि शरीराला इजा न करता देशाबाहेर घालवावे, असेही त्याच अध्यायात आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका नियम नवव्या अध्यायात सापडतो. दंड भरण्यास असमर्थ असलेल्या क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांनी तो अंगमेहनत करून फेडावा; ब्राह्मणाने मात्र सवडीने, थोडा थोडा करून द्यावा! एकाला हप्ते आणि दुसऱ्याला वेठ. त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की, महापातक्याकडून घेतलेले धन राजाने स्वतःसाठी ठेवू नये. ते पाण्यात सोडून वरुणाला अर्पण करावे किंवा विद्वान ब्राह्मणाला द्यावे. दंड न भरता आल्यास काय होते आणि दंडाचा पैसा कोणाच्या पदरात पडतो, हे दोन प्रश्न कोणत्याही दंडव्यवस्थेला विचारले की तिचे खरे रूप उघडे पडते. मनूला विचारले, तसेच ते अमेरिकेलाही विचारले पाहिजेत.

दंड न भरता आल्यास काय होते?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीने कायद्याच्या समान संरक्षणाची हमी १८६८ साली दिली. भारतीय संविधानाच्या चौदाव्या कलमात त्याच हमीचा प्रतिध्वनी आहे. असे असूनही १९७० साल उजाडेपर्यंत, दंड भरता आला नाही म्हणून शिक्षेची कमाल मुदत संपल्यावरही माणसाला तुरुंगात ठेवणे येथे घटनाबाह्य मानले जात नव्हते. विल्यम्स विरुद्ध इलिनॉय या खटल्यातील आरोपीला किरकोळ चोरीसाठी एक वर्षाची कैद, ५०० डॉलर दंड आणि ५ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली होती. जवळ पैसे नव्हते. म्हणून दिवसाला ५ डॉलर या हिशेबाने आणखी १०१ दिवस त्याने तुरुंगात काढावेत, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. पुढच्याच वर्षी टेट विरुद्ध शॉर्ट या खटल्यात वाहतुकीच्या ४२५ डॉलर दंडापोटी ८५ दिवस कैदेत पाठविलेल्या ह्यूस्टनच्या एका गरीब माणसाच्या बाजूने निकाल लागला. आणि १९८३ साली बेर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले : पैसे का भरले नाहीत, याची चौकशी केल्यावाचून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून टाळणारा वेगळा आणि प्रयत्न करूनही देऊ न शकणारा वेगळा.

तत्त्व उत्तम. परंतु बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशारा आठवा. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, असा विसंगतीचा संसार फार काळ चालू शकत नाही, हे त्यांनी भारताला बजावले होते. अमेरिकेतही निकालपत्रातील समता आणि नगर न्यायालयाच्या खिडकीवरील व्यवहार यांत अशीच दरी राहिली. त्या दरीचे नाव फर्ग्युसन.

मिसुरी राज्यातील सेंट लुईसजवळचे फर्ग्युसन हे सुमारे २१ हजार वस्तीचे गाव. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तेथे मायकल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने ठार झाला आणि जनतेचा क्षोभ उसळला. त्यानंतर केंद्र सरकारच्या न्याय खात्याने त्या गावाच्या पोलीस दलाची व न्यायालयाची चौकशी करून मार्च २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने तो वाचावा, अशी माझी विनंती आहे. गावात कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६७ टक्के. पण २०१२ ते २०१४ या काळात पोलिसांनी थांबविलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के, तिकिटे मिळालेल्यांत ९० टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के होते. 'रस्त्यावरून चालण्याची पद्धत' हाही तेथे गुन्हा होता. त्यासाठी एका प्रकरणात ३०२ डॉलर दंड झाल्याची नोंद अहवालात आहे; आणि या आरोपाखाली पकडलेल्यांत ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. महाराष्ट्रातील गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला, कोणी कोणत्या रस्त्याने कसे चालावे यावरून शिक्षा होण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच अहवालातील एका स्त्रीची हकीकत पाहा. २००७ साली तिने एकदा चुकीच्या जागी गाडी उभी केली. दोन तिकिटे मिळाली; १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. ती हलाखीत होती, अधूनमधून बेघरही होती. तारखा चुकल्या, हप्ते चुकले. प्रत्येक चुकीचा नवा गुन्हा, नवा दंड, नवे वॉरंट. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तिने कोठडीत काढले. तिने २५ आणि ५० डॉलरचे हप्ते भरू पाहिले, तर न्यायालयाने ते परत पाठविले. भरावयाचे तर सर्व एकदम भरा! डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर देणे बाकीच होते. मूळ अपराध गाडी चुकीच्या जागी उभी करण्याचा. शिक्षा सात वर्षे चालली. या शिक्षेचे खरे कारण वाहन नव्हते, दारिद्र्य होते. मनूने ब्राह्मणाला दिलेली हप्त्यांची सवलतही तिच्या वाट्याला आली नाही.

या देशात गाडी हे चैनीचे साधन नाही, हे आपण सर्व जाणतो. मुलांची शाळा, नोकरी, दवाखाना, विहार, सारे गाडीवर अवलंबून. थकलेल्या दंडासाठी वाहन चालविण्याचा परवानाच निलंबित करण्याची पद्धत अनेक राज्यांत होती. वर उल्लेख केलेल्या कॅलिफोर्नियाच्या अहवालानुसार तेथे असे चाळीस लाखांहून अधिक परवाने निलंबित झाले होते. २०१७ साली त्या राज्याने ही पद्धत बंद केली. पैसे नाहीत म्हणून परवाना काढून घ्यायचा, परवाना नाही म्हणून नोकरी जाते, नोकरी नाही म्हणून पैसे नाहीत, आणि नाइलाजाने गाडी चालविली की पुन्हा नवा गुन्हा! हे चक्र ज्या कायद्याने निर्माण होते, तो कायदा गुन्हे कमी करीत नाही. गुन्हेगार निर्माण करतो.

दंडाचा पैसा कोणाच्या पदरात पडतो?

फर्ग्युसनच्या प्रशासनाने २०१५ या आर्थिक वर्षासाठी सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर सर्वसाधारण उत्पन्न धरले होते. त्यांपैकी सुमारे ३१ लाख दंड आणि शुल्क यांतून यावयाचे होते. गावाचा वित्ताधिकारी पोलीसप्रमुखाला पत्रे लिहून तिकिटांचे उत्पन्न वाढविण्याचा आग्रह धरीत होता. म्हणजे लोकांनी गुन्हे करावेत, हीच प्रशासनाची अंदाजपत्रकी अपेक्षा! सर्व लोक कायदा पाळू लागले असते, तर गावाचे दिवाळे निघाले असते. ज्या शिक्षेच्या यशाने शिक्षा देणाऱ्याचे नुकसान होते, ती शिक्षा नव्हे. तो कर आहे. आणि कर म्हणून पाहिले, तर गरिबाकडून अधिक आणि श्रीमंताकडून कमी घेणारा असा निर्लज्ज कर दुसरा नाही. कहर म्हणजे, जे अधिकारी कृष्णवर्णीयांना 'वैयक्तिक जबाबदारी'चे पाठ देत होते, तेच आपल्या मित्रांची व नातलगांची तिकिटे परस्पर रद्द करून घेत होते, हेही चौकशीत उघड झाले.

"न परवडणाऱ्याने कायदा पाळावा" असे म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनी हे 'वैयक्तिक जबाबदारी'चे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. दोन्ही वाक्ये एकाच घरची आहेत.

आणि हा रोग केवळ अमेरिकेचा नाही. महाराष्ट्रात जातपंचायतींनी हेच केले. आंतरजातीय विवाह केला, पंचांचा हुकूम मोडला की दंड. बहिष्कृत कुटुंबाशी जो बोलेल त्यालाही दंड. आणि रक्कम राहते पंचांच्याच हाती. आरोप करणारा तोच, न्यायनिवाडा करणारा तोच आणि पैसे घेणाराही तोच. या अत्याचाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ साली अमलात आला. पंचाने खिशात घातलेला दंड आणि नगरपालिकेने अंदाजपत्रकात धरलेला दंड यांत कागदपत्रांचा फरक आहे, वृत्तीचा नाही.

आक्षेप आणि उत्तर

मग उपाय कोणता? उपाय जुना आहे आणि सिद्धही झालेला आहे. फिनलंडने १९२१ साली दंड दिवसाच्या कमाईवर आधारण्याची पद्धत स्वीकारली. गुन्हा जितका गंभीर, तितक्या दिवसांचा दंड. आणि एका दिवसाचा दर ज्याच्या त्याच्या उत्पन्नावरून ठरलेला. दिवसांची संख्या गुन्हा ठरवितो, रक्कम ऐपत ठरविते. पुढे स्वीडनने, डेन्मार्कने आणि १९७५ साली पश्चिम जर्मनीने हीच वाट धरली. फिनलंडमध्ये अगदी किरकोळ वाहतूक-अपराधांना आजही ठरीव दंड आहे. पण वेगमर्यादा बरीच ओलांडली की कमाईचा हिशेब सुरू होतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका उच्चाधिकाऱ्याला ताशी ५० किलोमीटरच्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटारसायकल चालविल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला. पुढे त्याचे उत्पन्न घटल्याचे सिद्ध झाल्यावर तो पुष्कळच कमी करण्यात आला. म्हणजे ही पद्धत श्रीमंताच्या बाबतीतही सूडबुद्धीची नाही. २०२३ साली ओलांड बेटावरील एका धनाढ्य व्यावसायिकाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले.

येथे एक आक्षेप मोठ्या हुशारीने घेतला जातो. "माणूस पाहून दंड बदलणे, हेच तर मनूने केले. त्याची होळी करणारे तुम्ही, तेच आता मागता काय?" हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, आत काही नाही. मनूने माणसाचा जन्म पाहिला. या पद्धतीत त्याचे साधन पाहिले जाते. जन्म बदलत नाही. उत्पन्न बदलते आणि त्यासरशी दंडही बदलतो. मनूच्या व्यवस्थेत आकडे वेगळे ठेवले गेले ते वेदना असमान व्हाव्यात म्हणून. या व्यवस्थेत आकडे वेगळे ठेवले जातात ते वेदना समान व्हाव्यात म्हणून. भारतीय संविधानाने राखीव जागा दिल्या, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता : समतेच्या नावाने भेदभाव कशाला? असमानांना समान आकड्याने मोजणे म्हणजे असमानता कायम ठेवणे, हे उत्तर तेव्हा आपण दिले होते. ते उत्तर राखीव जागांपुरतेच खरे आणि दंडाच्या पावतीपुढे खोटे, असे कसे होईल?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. इंग्लंडने ऑक्टोबर १९९२ मध्ये अशीच पद्धत सुरू केली आणि अवघ्या काही महिन्यांत, १९९३ साली ती गुंडाळली. वेफर्सचे रिकामे पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्या एका माणसाला १२०० पौंड दंड झाला आणि वृत्तपत्रांनी रान उठविले. परंतु त्या माणसाने आपल्या उत्पन्नाची माहितीच न्यायालयाला दिली नव्हती, म्हणून कमाल दर लागला होता; ती माहिती मिळताच दंड उतरला. दोष तत्त्वाचा नव्हता, अंमलबजावणीचा होता. आजही इंग्लंडच्या न्यायालयांत दंडाचे मोजमाप आठवड्याच्या उत्पन्नावरूनच होते : सौम्य गुन्ह्याला निम्म्या आठवड्याचे, त्यावरच्याला एका आठवड्याचे, त्यावरच्याला दीड आठवड्याचे. पद्धत मेली नाही, नाव बदलून जगली. आणि अमेरिकेसारख्या देशात, जेथे प्रत्येकाच्या उत्पन्नाची नोंद करखात्याकडे असते, तेथे "ऐपत शोधणार कशी?" हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारू नये.

खुद्द भारतीय कायद्यातही या तत्त्वाचे बीज आहे, आणि ते आपल्याच समाजाच्या रक्षणासाठी रुजविलेले आहे. १९५५ सालच्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात अस्पृश्यता पाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. 'किंवा' या एका शब्दामुळे, गावच्या सधन माणसाला आमचे पाणी तोडण्याची किंमत ५०० रुपयांहून अधिक पडणार नाही अशी सोय झाली. १९७६ साली हा कायदा सुधारून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, कैद आणि दंड दोन्ही आवश्यक झाले, आणि कलम १०अ नव्याने घालण्यात आले. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यास साथ देणाऱ्या गावकऱ्यांवर शासन सामुदायिक दंड बसवू शकते आणि त्याची वाटणी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे करावयाची असते, असे ते कलम सांगते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानेही ते कलम आपल्या कक्षेत घेतले. म्हणजे ऐपतीप्रमाणे दंड ही परकी कल्पना नव्हे. ती कागदावर आहे. ती वापरण्याची इच्छाशक्ती हवी आहे.

तथागतांची दृष्टी

दंडाने गुन्हा संपतो काय, या मूळ प्रश्नाचा विचार तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोर-दरोडेखोरांचा उपद्रव माजला होता. राजाचा पुरोहित त्याला सांगतो की, देहदंड, कैद, द्रव्यदंड, निर्भर्त्सना किंवा हद्दपारी यांनी हा उपद्रव निपटणार नाही. जे उरतील ते पुन्हा प्रजेला छळतील. त्यापेक्षा शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, सेवा करणाऱ्याला वेतन दे. राजाने तसे केले, आणि लोक घरांची दारे उघडी ठेवून निर्भयपणे राहू लागले. ध्यानात घ्या, या यादीत द्रव्यदंडाचा स्पष्ट उल्लेख आहे. दारिद्र्यातून निघालेल्या अपराधाला दंड लावणे म्हणजे रोगाचे कारण असलेल्या उपासमारीवर आणखी उपवासाचे औषध देणे होय, हा त्या कथेचा मथितार्थ आहे.

म्हणून दंड मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. बेदरकार वाहन चालविणाऱ्याला, नदीत विष सोडणाऱ्या कारखानदाराला, कामगाराची मजुरी बुडविणाऱ्या मालकाला दंड झालाच पाहिजे आणि तो त्याला जाणवलाच पाहिजे. माझ्या मागण्या चार आहेत. दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा. ऐपतीची चौकशी केल्यावाचून कोणालाही कोठडी दाखवू नये आणि हप्त्यांचा हक्क प्रत्येकास असावा. दंडाची रक्कम दंड लावणाऱ्या पोलीस खात्याच्या वा न्यायालयाच्या खर्चासाठी वापरली जाऊ नये. आणि जेथे पीडित व्यक्ती आहे, तेथे तिजोरीच्या आधी तिची भरपाई व्हावी.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, बाबासाहेब १९१३ साली याच देशात कोलंबिया विद्यापीठात शिकावयास आले आणि पुढे १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य नोंदविले. त्या पत्राचा अभिमान आपण जयंतीच्या व्यासपीठावर मिरवितो. तो अभिमान खरा ठरवावयाचा, तर ज्या नगर न्यायालयात आपण तिकीट भरून पाच मिनिटांत बाहेर पडतो, तेथे मागच्या बाकावर दिवसभर बसून राहिलेल्या माणसाकडे एकदा वळून पाहिले पाहिजे.

करावयाचे काम अवघड नाही. आपल्या गावाचे अंदाजपत्रक जनतेसाठी खुले असते. त्यात दंडापासूनचे उत्पन्न किती धरले आहे, हे प्रत्येक कुटुंबाने यंदा तपासावे. ते अवाजवी असेल तर नगरसभेच्या बैठकीत उभे राहून प्रश्न विचारावा. फर्ग्युसनच्या प्रकरणानंतर मिसुरी राज्याला वाहतूक-दंडातून घ्यावयाच्या उत्पन्नावर २०१५ साली कडक मर्यादा घालावी लागली, ती लोकांनी विचारलेल्या प्रश्नांमुळेच. ज्यांना येथील नागरिकत्व मिळाले आहे, त्यांनी स्थानिक न्यायाधीशांच्या आणि नगरसभेच्या निवडणुकीत मतदान करावे. या निवडणुकांना फार थोडे लोक जातात आणि म्हणूनच तेथे मूठभर मतांनाही वजन असते. आपल्यातील कायद्याच्या पदवीधर मुलामुलींनी महिन्यातील एक शनिवार गरिबांच्या दंड-प्रकरणांसाठी द्यावा. आणि आपल्या घरात, मुलांच्या देखत, "न परवडणाऱ्याने कायदा पाळावा" हे वाक्य पुन्हा कोणी उच्चारू नये.

कायद्यापुढे सर्व समान, ही घोषणा आपण रक्ताचे पाणी करून मिळविली आहे. तिचा अर्थ सर्वांना एकच पावती, एवढाच घेतला तर ती घोषणा श्रीमंतांच्या उपयोगी पडेल आणि गरिबांच्या छातीवर बसेल. सर्वांना सारखी झळ लागेल, सर्वांना सारखी संधी मिळेल आणि पैशावाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, असा तिचा अर्थ आपण लावला पाहिजे आणि तो इतरांना पटवून दिला पाहिजे. या कामाला या वर्षीपासूनच आरंभ व्हावा, हीच अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!